तेल गळतंय, पण नेमकं कुठून?

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असेल असं नाही. तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून ऑइल चेंबरखाली डाग दिसला, तरी ओलाव्याचा माग वर आणि पुढे काढत जा. सर्वांत वरची ओली जागा हाच पहिला संशय. पुष्कळदा ते टॅपेट कव्हरचं पॅकिंग निघतं; उष्णतेने रबर कडक होऊन चिरतं. ते बदलणं स्वस्त. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा त्याचं निदान घाईने मान्य करू नका. नुकतंच ऑइल बदललं असेल, तर आधी फिल्टर आणि ड्रेन प्लग पाहा.

थंड इंजिन डिग्रीझरने स्वच्छ करा. जुन्या चिकट थरावर ताजी धार दिसतच नाही. मग 15-20 किलोमीटर चालवून टॉर्च घ्या. तरीही सापडेना, तर तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली बघतात. अनेक सील एकदम पाझरू लागले, तर इंजिनातला दाब मोकळा करणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबल्याची शक्यता मोठी: आत कोंडलेला दाब तेल बाहेर ढकलतो.