हिवाळा, बंद खोली आणि गॅस हीटर

उत्तरेकडील डिसेंबर-जानेवारीच्या थंडीची कल्पना मुंबई-पुण्याच्या रहिवाशास सहसा येत नाही. नोकरीनिमित्त दिल्ली, डेहराडून किंवा सिमला येथे वास्तव्यास गेलेली मराठी कुटुंबे पहिल्याच हिवाळ्यात खोली ऊबदार ठेवणाऱ्या साधनाच्या शोधात असतात. वीजपुरवठा वारंवार खंडित होत असेल, तर एलपीजी सिलिंडरवर चालणारा हीटर निश्चितच सोयीचा ठरतो. मात्र त्याच्या देखण्या पेटीत प्रत्यक्ष आग जळत असते, याचा विसर पडतो.

या हीटरमध्ये गॅस सच्छिद्र सिरॅमिक फरशीच्या पृष्ठभागावर जळतो व ती लालबुंद होते. तिचे तापमान ८०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. येथील उष्णता मुख्यतः प्रारणाच्या रूपाने, शेकोटीच्या धगीप्रमाणे, समोरच्या वस्तूवर सरळ पडते. म्हणूनच रजई हीटरला टेकलेली नसली, तरी ती तापते, करपते आणि अखेर पेट घेते. पडदे, अंथरूण व फोमच्या गाद्या किमान एक मीटर दूर ठेवाव्यात. उत्पादकाच्या पुस्तिकेत अधिक अंतर सांगितले असल्यास तेच प्रमाण मानावे. हीटरसमोर कपडे वाळत घालण्याचा मोह तर हमखास होतो. कपड्यात पाणी असेपर्यंत उष्णता ते पाणी वाळविण्यात खर्च होते. पाणी संपताच कापडाचे तापमान झपाट्याने चढते आणि नेमक्या त्याच वेळी घरातील मंडळी निर्धास्त झोपलेली असतात.

पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढण्याचे द्रावण यांचा धोका निराळा. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरत ज्योतीपर्यंत पोहोचते. त्यांच्या बाबतीत एक मीटरचा हिशेब लागू पडत नाही. ते त्या खोलीतच नसावेत. एलपीजीही हवेहून जड आहे. गळती झाल्यास तो खाली साचतो, यास्तव तळघरात हा हीटर वापरू नये. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा, नळी आयएसआय चिन्हांकित असावी आणि जोड साबणाच्या फेसाने तपासावेत. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजूनही आढळतात! गॅसचा वास आल्यास विजेचे बटण चालू वा बंद न करता रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात व बाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

आग दिसते, धूर जाणवतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही आणि वासही नाही. बंद खोलीत प्राणवायू कमी होऊ लागला की गॅस अपुरा जळतो व हा वायू निर्माण होतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या सुमारे दोनशे पट अधिक घट्टपणे जोडला जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळहून सहलीस गेलेले आठ पर्यटक, त्यांत चार मुले, विश्रामगृहाच्या खोलीत गुदमरून मृत्युमुखी पडले. खोलीत गॅस हीटर सुरू होता आणि दारे-खिडक्या आतून बंद होत्या. थंडी असली तरी खिडकीची फट उघडी ठेवावी आणि झोपण्यापूर्वी गॅस सिलिंडरपाशीच बंद करावा, तो याकरिता. प्राणवायू घटताच गॅस आपोआप तोडणारी संवेदक यंत्रणा असलेलाच हीटर घ्यावा. त्यासाठी चार पैसे अधिक मोजावे लागले तरी हात आखडू नये. ज्योत निळी न राहता पिवळी होऊ लागली किंवा डोके जड वाटू लागले, तर तत्काळ बाहेर पडावे.

विम्यासंबंधीही दोन शब्द. गृहकर्जासोबत घेतलेला विमा पुष्कळदा केवळ इमारतीपुरता असतो. घरातील सामानाचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. गॅस कंपन्यांनी ग्राहकांसाठी घेतलेल्या अपघात विम्यात मालमत्तेच्या हानीची भरपाई नोंदणीकृत पत्त्यावरील जागेपुरतीच असते. तेव्हा बदलीनंतर जुन्याच पत्त्यावरील जोडणीचा सिलिंडर नव्या घरी वापरीत असाल, तर वितरकाकडे पत्ता आधी बदलून घ्यावा.