अवघे महाभारत वाचावे काय?

आज भाद्रपद शुद्ध चतुर्थी. घरोघरी मंगलमूर्तींची प्रतिष्ठापना झाली असेल, दूर्वांच्या जुड्या वाहून झाल्या असतील, एकवीस मोदकांचा नैवेद्यही दाखविला गेला असेल. विद्येच्या या आराध्यदैवताचे अनंत उपकार आपण स्मरतो. परंतु त्यांतील एकाचे स्मरण क्वचितच होते. व्यासमहर्षींनी महाभारत मनात रचले, पण ते लिहून घेणारा कोणी मिळेना. तेव्हा ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून त्यांनी गजाननास पाचारण केले, ही आदिपर्वाच्या आरंभीची कथा बालगोपाळांनाही ठाऊक आहे. ज्या ग्रंथासाठी प्रत्यक्ष गणरायाने लेखणी हाती धरली, तो आपल्यापैकी किती जणांनी पहिल्या पर्वापासून अठराव्यापर्यंत वाचला आहे, हा प्रश्न आजच्या मंगल दिवशी स्वतःस विचारून पाहण्याजोगा आहे.

प्रामाणिक उत्तर बहुधा नकारार्थीच येईल. कथा मात्र सर्वांना माहीत असते. कीर्तनातून ती कानी पडलेली असते. शिवाय १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवरील मालिकेने ती घराघरांत पोहोचविली. मग एक लाख श्लोकांच्या त्या अरण्यात शिरण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर त्यास अगदीच वावगे म्हणता येणार नाही.

त्यात भर पडते ती एका भीतीची. संपूर्ण महाभारत घरात ठेवले तर घरात कलह माजतो, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. आमच्या आजोळीही ती होती. तेथे जुन्या मराठी भाषांतराचे जाडजूड खंड होते. पण अवघा ग्रंथ एका छपराखाली नको, म्हणून शेवटचा खंड शेजारच्या घरी ठेवलेला असे. पुढे दोन्ही मामांमध्ये वाटणी झाली, आणि ती गोडीगुलाबीने झाली नाही. भांडीकुंडी, शेत यांच्याबरोबर ग्रंथांचीही वाटणी झाली. पहिले खंड थोरल्या मामांकडे गेले, पुढचे धाकट्या मामांकडे. ज्या घरात महाभारत कधी पुरते नव्हतेच, त्या घरात भाऊबंदकी शिरली ती ग्रंथामुळे, असे कसे म्हणावे? आम्हांस राहून राहून वाटते, की त्या दिवसांत कोणी उद्योगपर्व मोठ्याने वाचावयास हवे होते. पाच गावांवर समाधान मानण्यास सिद्ध असलेला धर्मराज आणि सुईच्या अग्राएवढीही भूमी न देणारा दुर्योधन, या दोघांपैकी आपण कोणाच्या जवळ उभे आहोत, हे दोघांच्याही ध्यानात आले असते.

ग्रंथ कठीण आहे, हे मान्यच केले पाहिजे. आदिपर्वातील नागांच्या व राजवंशांच्या नामावळी वाचताना मन थकते. भीष्म, द्रोण व कर्ण या पर्वांत बाणांचे वर्षाव इतके, की आजचा दिवस व कालचा दिवस यांतील भेद कळेनासा होतो. शांतिपर्व तर सर्वांत मोठे. युद्ध संपले म्हणून वाचक सुस्कारा टाकतो, तोच शरपंजरी पडलेले पितामह राजधर्म, आपद्धर्म आणि मोक्षधर्म सांगू लागतात. पुष्कळांचे वाचन येथेच थांबते. शिवाय हा ग्रंथ भाविकास सोपे समाधान देत नाही. स्वतःस पणात हरलेल्या पतीस मला पणास लावण्याचा अधिकार होता काय, हा द्रौपदीचा प्रश्न भरसभेत उभा राहतो. धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्मांसारखा ज्ञाताही निर्णय देत नाही. आणि तिच्या बाजूने बोलतो तो दुर्योधनाचाच धाकटा भाऊ विकर्ण. कथासारात वस्त्रहरण उरते, हा प्रश्न मात्र गळतो.

असे गळून जाणारे पुष्कळ आहे. वनपर्वात तपाचा अभिमान बाळगणारा कौशिक ब्राह्मण मिथिलेच्या बाजारात एका व्याधाकडे धर्म शिकावयास जातो. आश्वमेधिक पर्वात धर्मराजाच्या यज्ञाची वाहवा चाललेली असताना अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस तेथे येते आणि हा यज्ञ प्रस्थभर सातूच्या बरोबरीचा नाही, असे सर्वांसमक्ष सांगते. कुरुक्षेत्रात दाणे वेचून जगणाऱ्या एका ब्राह्मणाने, त्याच्या पत्नीने, पुत्राने व स्नुषेने दुष्काळात आपापल्या वाट्याचे सातू अतिथीस दिले होते; त्या पिठाच्या स्पर्शाने त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे या महायज्ञातही झाले नाही. विजयी राजाच्या वैभवसमारंभातच त्या वैभवाचे माप काढणारा हा कवी केवढ्या उंचीवरून पाहत असेल! ज्याने युद्ध संपताच ग्रंथ मिटला, त्यास हे मुंगूस कधीच भेटत नाही.

आपल्या पूर्वजांनी या ग्रंथाकडे पाठ फिरविली नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. नाथांचा नातू मुक्तेश्वर याने तो ओवीबद्ध केला. त्याची पाच पर्वे आज उपलब्ध आहेत. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ चातुर्मासात घरोघरी वाचला जाई. बारामतीच्या मोरोपंतांनी अठराही पर्वे आर्यावृत्तात उतरविली. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेले चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ साली पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते धुंडाळली गेली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ साली कार्य अपुरे असतानाच निवर्तले. ते पुढे डॉ. बेलवलकरांनी व नंतर डॉ. प. ल. वैद्यांनी चालविले. ज्याच्या पाठशुद्धीसाठी विद्वानांच्या पिढ्या खपल्या, त्याच्या वाचनासाठी आपणांस घटकाभर वेळ काढता येऊ नये काय?

या आवृत्तीत गणेशलेखनाची कथा मूळ पाठात नसून परिशिष्टात आहे, हे वाचून भाविकांनी खिन्न होऊ नये. अनेक हस्तलिखितांत ती आढळत नाही, म्हणून संशोधकांनी तसा निर्णय घेतला. परंतु ज्या कोणी पुण्यवंताने ती कथा ग्रंथारंभी घातली, त्याने वाचकावर थोर उपकार केले आहेत. लेखणी थांबता कामा नये, अशी गजाननाची अट. अर्थ उमगल्यावाचून अक्षर लिहू नये, अशी व्यासांची. मग मधून मधून व्यास कूट श्लोक घालीत. असे ८,८०० श्लोक आहेत, असे परंपरा सांगते. तेथे साक्षात बुद्धिदात्यासही क्षणभर थांबून विचार करावा लागे. गणरायास जेथे थांबावे लागले, तेथे आपण अडखळलो तर त्यात लाज कसली?

म्हणून आमचे उत्तर असे, की अवघे महाभारत अवश्य वाचावे. मूळ संस्कृतातून न जमल्यास भाषांतरातून वाचावे, पण घाईने वाचू नये. अध्याय सुमारे दोन हजार आहेत. रोज तीन वाचले तर दोन वर्षांच्या आत ग्रंथ पुरा होतो. कंटाळवाणा भाग आला तर त्या दिवशी एकच अध्याय वाचावा, पण पोथी मिटू नये. शक्य तर एकाने वाचावे आणि घरच्यांनी ऐकावे. द्रौपदीच्या प्रश्नावर घरात मतभेद झाला तर तो होऊ द्यावा. तो कलह नव्हे.

आम्ही स्वतः दोन्ही मामांकडचे खंड पाळीपाळीने आणून सात चातुर्मासांत हा ग्रंथ पुरा केला. शेवटचा खंड आणावयास त्या जुन्या शेजाऱ्यांकडेच जावे लागले. वाटणीच्या वेळी त्याची कोणास आठवणच राहिली नव्हती. त्यात स्वर्गारोहणपर्वाच्या अखेरीस फलश्रुती आहे, आणि महाभारत घरात असणे हे विजयाचे व कल्याणाचे लक्षण तीत मानले आहे. इतकी वर्षे नेमका हाच आशीर्वाद आम्ही घराबाहेर ठेवला होता!

आज सायंकाळी आरती झाल्यावर आदिपर्वाचा पहिला अध्याय काढावा. ज्याने ते लिहून घेतले, तो समोरच विराजमान आहे. जे वाचू ते समजण्याची बुद्धी त्याने आपणां सर्वांस द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.