फवारणीचा साक्षीदार

बुलढाणा जिल्ह्यात कीटकनाशकाला कीटकनाशक कोणी म्हणत नाही. मलकापूर-नांदुऱ्याकडची कपाशी असो की चिखली-मेहकरकडचं सोयाबीन, तिथं ‘औषध मारायचं’ असतं. कृषी सेवा केंद्रातून आलेल्या बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. जहाल मालावर त्याचा खालचा अर्धा भाग लाल असतो, वरच्या अर्ध्यात कवटी आणि विषाचा इशारा. झाकण फिरवताना मात्र तोंडी शब्द येतो तो औषधच.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये या औषधानं माणसं मारली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला पोचली होती. त्यात बोंडअळी आलेली, म्हणून दोन-तीन औषधं एकत्र करून फवारणी चाललेली. उंच झाडांमुळे तुषार थेट नाकातोंडावर येत होते. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. मग राज्य सरकारनं पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली. ती एकट्या यवतमाळसाठी नव्हती. अकोला, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा हे जिल्हेही तिच्यात होते.

त्या यादीतली मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट या एकाच कुळातली. शरीरात गेल्यावर त्यांचा मारा होतो तो एका ठरावीक जागी. मज्जातंतूकडून स्नायूकडे हुकूम नेणारा एक निरोप्या असतो, ॲसिटिलकोलीन नावाचा. निरोप पोचला की या निरोप्याला तिथल्या तिथं मोडीत काढावं लागतं, नाहीतर तोच हुकूम वाजत राहतो. हे काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो निरोपे निकालात काढतो. ऑरगॅनोफॉस्फेट नेमकं या विकराच्या खाचेत जाऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. मग लाळ गळते, घाम फुटतो, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास घरघरतो. दवाखान्यात ॲट्रोपीनची इंजेक्शनं सुरू होतात. पानावरची अळीही याच रस्त्यानं मरते. तिचं आणि माणसाचं हे विकर जवळपास एकाच घडणीचं आहे.

विष ज्याच्यावर बसतं त्यालाच साक्षीला उभं करायचं, ही कीटकनाशक हुडकणाऱ्या संवेदकांमागची, म्हणजे सेन्सरमागची, युक्ती. विकराकडून मोजमाप करून घेण्याची कल्पना नवी नाही. लेलंड क्लार्क या अमेरिकन संशोधकानं 1962 मध्ये विकर आणि विद्युत्अग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, यांची जोडी जमवली. आज घरोघरी बोटाला टोचून शुगर पाहतात, ते यंत्र त्याच वंशातलं. कीटकनाशकाच्या बाबतीत तपासणी उलट्या बाजूनं करायची. विकर काम करतंय का, हे पाहायचं. थांबलं असेल तर त्याला कोणीतरी गाठलं आहे.

ते दिसावं कसं? 1961 मध्ये जॉर्ज एलमन यांनी एक साधी तोड काढली. खऱ्या निरोप्याऐवजी त्याच्यासारखाच, पण गंधकाचा अणू असलेला पदार्थ विकराला द्यायचा. विकरानं तो मोडला की थायोकोलीन सुटतं, आणि नळीत टाकलेल्या रसायनाशी त्याची गाठ पडली की द्रव पिवळा होतो. पिवळेपणा जितका गडद, तितकं विकर धडधाकट. रक्ताच्या तपासणीत ही रीत अजून चालते.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात इतामार विलनर यांच्या गटानं 2003 मध्ये या नळीच्या जागी उजेड आणला. त्यांनी कॅडमियम सल्फाइडचे नॅनोकण विद्युत्अग्रावर बसवले आणि त्यांना हे विकर चिकटवलं. कॅडमियम सल्फाइड म्हणजे चित्रकारांच्या ओळखीचा पिवळा रंग. इथं मात्र त्याचे कण काही नॅनोमीटरचे असतात, आणि नॅनोमीटर हा मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा कणांना पुंजबिंदू म्हणतात. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांच्यासाठीच होतं. त्यातल्या लुई ब्रूस यांचं सुरुवातीचं काम तर याच पदार्थावरचं.

कणावर प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातो आणि मागे रिकामी जागा ठेवतो. ती कोणी भरली नाही तर इलेक्ट्रॉन परत खाली येतो, खेळ खलास. पण शेजारचं विकर थायोकोलीन तयार करत असेल, तर हे थायोकोलीन आपला इलेक्ट्रॉन देऊन ती जागा भरतं. वर गेलेला इलेक्ट्रॉन मोकळा होऊन तारेत शिरतो आणि प्रवाह वाहतो. दिवा बंद केला की प्रवाह बंद. दिवा चालू असताना कीटकनाशक आलं, तर विकर अडतं, थायोकोलीन आटतं, काटा खाली येतो. चेतवणारा प्रकाश आणि मोजायची वीज या दोन वेगळ्या गोष्टी असल्यानं मागचा गोंगाट कमी राहतो, आणि अगदी थोडं विषही नजरेत येऊ शकतं.

हे वाचून उद्याच भाजीवर पट्टी लावायला निघू नये. विकर अडलं एवढं हा संवेदक सांगतो. कोणी अडवलं ते सांगत नाही. कार्बामेट कुळातली औषधंही तसाच परिणाम करतात, काही जड धातूही. नेमकं नाव हवं तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेतल्या क्रोमॅटोग्राफीच्या यंत्राकडेच जायचा. शिवाय विकर हे प्रथिन. मे महिन्यात खामगावच्या उन्हात ठेवलेल्या डब्यात ते किती दिवस तग धरेल, हा प्रश्न आहेच. कॅडमियम स्वतः विषारी, म्हणून टायटॅनियम डायऑक्साइडसारखे पर्याय पुढे आले. पण त्याला चेतवायला अतिनील किरण लागतात.

प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहणं काय असतं, हे बुलढाण्याला वेगळ्या निमित्तानं कळलं आहे. 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस मुठीत येऊ लागले, काहींना काही दिवसांतच टक्कल पडलं. संशय पाण्यावर गेला, शाम्पूवर गेला, बुरशीवर गेला. नमुने बाहेर पाठवले गेले, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पथकं आली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत सेलेनियमचं प्रमाण फार वाढलेलं आढळलं आणि बोट गव्हाकडे गेलं. आपला संवेदक तिथं कामाचा नव्हता. सेलेनियमसाठी साक्षीदार वेगळा लागतो. पण गावातच पहिली चाळणी झाली असती तर निदान चार अफवा कमी उठल्या असत्या.

या विकराचा सगळ्यात व्यवहारी उपयोग कदाचित भाजीवर नसून माणसावरच आहे. कॅलिफोर्नियात 1974 पासून अशी औषधं हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्तातलं हे विकर नेमानं मोजतात. लाल पेशींतलं प्रमाण त्या माणसाच्या मूळ आकड्याच्या 70 टक्क्यांवर उतरलं, की त्याला त्या कामावरून बाजूला घेतात, अंगात लक्षणं नसली तरी. सगळा भर आहे तो ‘मूळ आकड्या’वर. प्रत्येकाचं विकर जन्मतःच थोडं कमी-जास्त असतं, त्यामुळे विषबाधेनंतरची एकटी चाचणी अर्धवटच बोलते. छोटं, बॅटरीवर चालणारं, प्रकाशानं चेतणारं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात आलं, तर बोटातल्या एका थेंबावर हा आकडा काढता येईल. बुलढाण्यात तो जूनमध्ये घ्यावा लागेल, पेरणीच्या धांदलीत, फवारणीचा पंप अजून माळ्यावर धूळ खात असताना.