व्याख्येवरून निदानाच्या वर्गाकडे
संगणकाला साठवलेल्या माहितीवरून नवे निष्कर्ष काढता यावेत, यासाठी ती काटेकोर तार्किक विधानांत मांडण्याला तर्काधारित ज्ञानमांडणी म्हणतात. ‘स्नोमेड सीटी’ हा वैद्यकीय संज्ञांचा आंतरराष्ट्रीय कोश तिचे ठळक उदाहरण होय. त्यात विषाणुजन्य न्यूमोनियाची व्याख्या विषाणूमुळे होणारा न्यूमोनिया अशी असल्याने आणि न्यूमोनियाचे स्थान फुफ्फुस असे नोंदलेले असल्याने, हा आजार फुफ्फुसविकारांत मोडतो हे अनुमानक, म्हणजे विधानांवरून तर्क करणारी आज्ञावली, स्वतःच ठरवते. परिणामी फुफ्फुसाचे रुग्ण शोधताना प्रत्येक रोगाचे नाव द्यावे लागत नाही. लाखो संकल्पनांचे असे वर्गीकरण हाताने करणे जवळपास अशक्यच. मात्र मूळ व्याख्याच चुकली, तर अनुमानक चुकीचा निष्कर्षही तितक्याच निष्ठेने काढतो. भारतातील या कोशाच्या वापराचे काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेतील राष्ट्रीय केंद्र पाहते.