सायकल धुताना काय वापरावे?

साकोली तालुक्यातील सानगडी हा धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल चाकांत, मडगार्डात आणि चेनमध्ये बसतो. तो काढताना योग्य वस्तू निवडा.

• सांगाडा, मडगार्ड : आधी साध्या पाण्याने चिखल भिजवा. सुका चिखल घासल्यास रंगावर चरे पडतात. मग बादलीभर पाण्यात थोडा गाडीचा शाम्पू किंवा भांड्यांचा पातळ साबण घालून मऊ फडक्याने पुसा.

• चेन, दातेरी चाक : दात घासायच्या जुन्या ब्रशने थोडे रॉकेल किंवा डिझेल लावून घासा. काम उघड्यावर, चुलीपासून दूर करा. निघालेले काळे तेल विहिरीत, नालीत किंवा बांधीत सोडू नका.

• रिम, ब्रेकचे रबर : फक्त साबणपाणी. येथे तेल किंवा रॉकेल लागले तर ब्रेक घसरतो.

• हे टाळा : संडास साफ करायचे अ‍ॅसिड क्रोमची चकाकी घालवते. धुण्याचा सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. तारेची घासणी रंग ओरबाडते.

• पाण्याचा जोर : मोटरपंपाची धार चाकाच्या व पायडलच्या आसावर मारू नका. आतले ग्रीस निघून जाते आणि बेअरिंगला गंज चढतो.

• शेवटी : सायकल पुसून वाळवा. चेनला शिलाई मशीनचे तेल थेंब-थेंब द्या आणि वरचे पुसून घ्या. खोबरेल तेल नको. ते चिकट होऊन धूळ धरते.

महागडे द्रावण लागत नाही. धुतल्यावर तेल द्यायला मात्र कधीही विसरू नका.