शेतात पाणी भरायला अन् गावात गस्त घालायला बॅटरी कोणती घ्यावी? ‘टॅक्टिकल’ टॉर्च मागवण्याआधी हे वाचा

जुन्नर : शेतीच्या फिडरला रात्रीची पाळी असली की बारा-एकला उठून मोटर चालू करायला जावंच लागतं. मग पहाटेपर्यंत दारं धरायची. एक सरी भरली की पुढचं दारं मोडायचं. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी. कडेला उभा ऊस, पायाखाली पाचट, वाटेत कठडा नसलेली विहीर. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत तर बिबट्याचं भान ठेवूनच पाऊल टाकावं लागतं. अशा जागी मध्यरात्री बॅटरी मंद झाली तर नुसती गैरसोय होत नाही, जिवावर बेततं.

पूर्वी तीन सेलची पत्र्याची बॅटरी खुंटीला असायची. आता मोबाईलवर ‘टॅक्टिकल टॉर्च’, ‘मिलिटरी टॉर्च’, ‘एक लाख लुमेन’, ‘दोन किलोमीटर प्रकाश’ अशा जाहिराती धडाधड येतात. त्यातल्या काही वस्तू खरोखर कामाच्या असतात, काही निव्वळ फसव्या. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. घेण्याआधी काय बघायचं, ते समजून घेऊ.

टॅक्टिकल म्हणजे नेमकं काय?

या प्रकारच्या बॅटऱ्या मुळात पोलीस आणि सैनिकांच्या कामासाठी बनल्या. त्यांची खूण म्हणजे मागच्या टोकाला असलेलं बटण. अंगठ्यानं दाबलं की लगेच पूर्ण उजेड, सोडलं की अंधार. अंग ॲल्युमिनियमचं, पकड खरखरीत, पाणी आणि आदळआपट सोसणारं. शिवाय डोळ्यांवर झगमग मारणारा एक मोड, ज्याला स्ट्रोब म्हणतात.

यातलं मागचं बटण, खरखरीत पकड आणि पाण्यापासून बचाव, या तीन गोष्टी शेतकऱ्याच्याही उपयोगाच्या आहेत. चिखलाच्या हातातून बॅटरी निसटत नाही आणि अंधारात बटण चाचपडावं लागत नाही. स्ट्रोब मात्र शेतात अडचणच करतो. काही बॅटऱ्यांत दर वेळी बटण दाबलं की मोठा, मध्यम, लहान, मग झगमग असा फेरा चालतो. समोर काही हललं, घाईत बटण दाबलं आणि नेमकी झगमग सुरू झाली, तर काहीच धड दिसत नाही. बंद करून पुन्हा चालू केल्यावर आधीचाच मोड लागतो का, हे दुकानातच तपासावं.

लुमेनचा हिशेब : विजेचं गणित खोटं बोलत नाही

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. म्हणजे ढोबळमानानं एका वॅटला शंभर लुमेन. हे प्रमाण लक्षात ठेवलं की बहुतेक जाहिराती घरबसल्या तपासता येतात.

‘पन्नास हजार लुमेन’ खरे असतील, तर त्या बॅटरीला ५०० वॅट वीज लागेल. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. एवढीशी नळी पाऊण एचपीच्या मोटरीच्या जवळपास वीज ओढणार, हे पटण्यासारखं आहे का?

आता सेलचं बघू. बऱ्याच चांगल्या बॅटऱ्यांत १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. नावातच त्याचं माप आहे. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता आज साधारण २,५०० ते ३,५०० एमएएच असते. त्याच मापाच्या सेलवर ९,९०० एमएएच छापलं असेल, तर तो आकडा खोटा समजावा. खऱ्या सेलचं वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. शंका आली तर सोनाराच्या काट्यावर ठेवून बघावा. फारच हलका निघाला तर आत माल कमी आहे.

३,००० एमएएचच्या सेलमध्ये साधारण ११ वॅट-तास वीज मावते. म्हणजे १,००० लुमेन लावले तर तासभर, ३०० लावले तर साडेतीन तास, १०० लावले तर दहा-अकरा तास. ‘हजार लुमेन, दहा तास’ असं एकाच ओळीत लिहिलेलं असेल, तर हजार लुमेन काही मिनिटांचे आणि दहा तास मंद मोडचे, असा त्याचा अर्थ निघतो. बॅटरीचं डोकं तापू नये म्हणून बऱ्याच चांगल्या बॅटऱ्याही काही मिनिटांनी उजेड आपोआप उतरवतात. ती खोट नाही, पण आधी माहीत असावं.

‘एवढे मीटर प्रकाश’ याचा खरा अर्थ

चांगल्या कंपन्यांच्या खोक्यावर एफएल-१ या मानकाचे शिक्के असतात. त्यात अंतर मोजण्याची रीत ठरलेली आहे. ज्या अंतरावर उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स उरतो, ते अंतर खोक्यावर छापतात. म्हणजे २०० मीटर लिहिलं असेल तर २०० मीटरवर फक्त चांदण्याइतकं दिसणार. तिथं माणूस उभा आहे की बुजगावणं, हे सांगता येणं अवघड.

पण अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. तिसऱ्या हिश्श्यावर नऊपट. म्हणून खोक्यावरच्या आकड्याचा तिसरा हिस्सा हेच कामाचं अंतर धरावं. २०० मीटरची बॅटरी ६५-७० मीटरवर नीट ओळख पटवते. एका वावराच्या बांधापर्यंत बघायला बहुतेकांना एवढं पुरतं.

चालू राहण्याचा वेळही असाच. या मानकात उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे खोक्यावर पाच तास असले, तरी पाचव्या तासाला पहिल्या तासासारखा उजेड मिळेलच असं नाही.

पाण्यासाठी आयपीएक्स हा आकडा बघावा. आयपीएक्स-४ म्हणजे पावसाचे शिंतोडे सोसणारी. आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी. पाटाच्या कामाला दुसरी बरी.

लांबचा झोत की पायाजवळचा पसारा?

गिऱ्हाईक दुकानात बॅटरी लांबच्या झाडावर मारून बघतो आणि खूश होतो. शेतात मात्र पहिला धोका तीन पावलांवर असतो. मण्यार रात्रीच फिरते. घोणस पाचटात वेटोळं घालून बसली की पाचटाच्याच रंगात मिसळून जाते. अरुंद झोताच्या बॅटरीनं मध्ये एक पांढरा ठिपका दिसतो आणि बाजूचं सगळं काळं राहतं. साप त्या काळ्यात असतो.

म्हणून पाणी भरायला जाताना मध्यम उजेडाची, रुंद पसरणारी बॅटरी हवी. १५० ते ३०० लुमेन चालायला भरपूर झाले. उजेडाचा रंगही महत्त्वाचा. निळसर पांढऱ्या उजेडात माती, पाचट आणि साप यांचे तपकिरी रंग एकसारखे दिसू लागतात. किंचित पिवळसर, दिवसाच्या उन्हाजवळचा उजेड असेल तर रंगातला फरक लवकर कळतो. उजेड थेट पायावर मारू नये, दोन-तीन पावलं पुढं ठेवावा.

दोन्ही हात कामात असतील तर डोक्याला बांधायची बॅटरी सोयीची. स्टार्टर उघडणं, फ्यूज बघणं, पाइप जोडणं तिच्यामुळं सोपं होतं. पण किडे तोंडावर येतात, आणि धुक्यात उजेड डोळ्यांसमोरच परत फिरतो. धुकं असेल तेव्हा बॅटरी हातात, कमरेच्या उंचीवर धरली तर पुढचं जास्त दिसतं.

गस्तीला आणि ड्युटीला वेगळी गरज

ग्रामसुरक्षा दल, पोलीस पाटील, होमगार्ड, वनरक्षक, वायरमन यांचं काम वेगळं. त्यांना बऱ्याचदा लांबचं ओळखावं लागतं. पडक्या घराचा कोपरा, डीपीजवळची हालचाल, उभ्या गाडीचा नंबर. इथं लांब झोताची, मागच्या बटणाची बॅटरी उपयोगी पडते. पाच जणांच्या गस्तीत सगळ्यांकडं तसलीच बॅटरी मात्र नको. एक-दोघांकडं लांब झोताची आणि बाकीच्यांकडं पसरट उजेडाची असली की रस्ताही दिसतो आणि लांबचंही कळतं.

रस्त्यानं येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांवर झोत मारणं धोक्याचं. पुढचे काही क्षण त्याला रस्ताच दिसत नाही. झोत आधी जमिनीवर टाकावा, मग गाडीच्या नंबरपाटीकडं न्यावा. स्ट्रोबही गाड्यांवर मारू नये. उसाची ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर मागून लाल दिवा दाखवता येणारी बॅटरी फार कामाला येते. त्यासोबत ट्रॉलीला रिफ्लेक्टर हवेतच.

खिशात किंवा पिशवीत बॅटरी आपोआप चालू होऊन तापू नये म्हणून बटणाला कुलूप लागण्याची सोय आहे का, तेही बघावं. नसेल तर मागचं झाकण थोडं सैल करून ठेवलं तरी बऱ्याच बॅटऱ्यांत काम भागतं.

बॅटरी म्हणजे हत्यार नव्हे

काही जाहिरातींत दाखवतात की झगमग मारली की जनावर पळतं. त्या भरवशावर कुणी राहू नये. अंधारात उजेड पडल्यावर बिबट्याचे डोळे चमकतात, तसेच कुत्रा, मांजर, गाय यांचेही चमकतात. डोळे चमकले तर ओळख पटवायला जवळ जाऊ नये. ताठ उभं राहावं, खाली वाकू किंवा बसू नये. मोठ्यानं बोलत, पाठ न दाखवता हळूहळू मागं यावं. पाठलाग करू नये, गर्दी करून कोंडी करू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. शक्यतो एकट्यानं जाऊच नये. सोबत काठी असावी आणि मोबाईलवर गाणी मोठ्यानं चालू ठेवावीत.

सापासाठीही बॅटरीच्या जोडीला काठी आणि गमबूट हवेतच. दंश झालाच तर दोरी आवळणं, चिरा देणं, तोंडानं ओढणं यातलं काहीही करू नये. माणसाला स्थिर ठेवावं, १०८ ला फोन करावा आणि थेट सरकारी दवाखान्यात न्यावं.

सेल आणि चार्जिंग : इथंच बॅटरी मरते

जुन्या शिसं-आम्लाच्या चार्जिंग बॅटऱ्या उतरलेल्या अवस्थेत महिनाभर पडून राहिल्या की खराब व्हायच्या. लिथियम सेल जास्त टिकतो, पण त्याला उष्णता सोसत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो ठेवू नये. अंथरुणावर किंवा गवताजवळ चार्जिंगला लावू नये. सेल फुगला असेल, चेपला असेल किंवा वरचं वेष्टण फाटलं असेल तर तो वापरू नये, आणि आगीत किंवा उकिरड्यावर तर मुळीच टाकू नये.

चार्जिंगच्या सेलला भारतात बीआयएस नोंदणी बंधनकारक आहे. सेलवर आयएस १६०४६ आणि आर अक्षरानं सुरू होणारा क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर तो क्रमांक टाकून खरा-खोटा तपासता येतो. सेल बाहेर काढता येणारी बॅटरी घेतली तर दोन-तीन वर्षांनी फक्त सेल बदलून भागतं. चार्जिंगला टाइप-सी असेल तर मोबाईलचीच वायर चालते.

पहिल्याच रात्री घ्या परीक्षा

ऑनलाइन वस्तू परत करायची मुदत थोडीच असते. म्हणून बॅटरी आली त्याच रात्री या पाच गोष्टी कराव्यात.

१. पूर्ण चार्ज करून मोठ्या मोडवर भिंतीकडं तोंड करून ठेवा. दर अर्ध्या तासानं उजेड बघा आणि वेळ लिहा. मध्यम मोडची परीक्षा दुसऱ्या रात्री घ्या.

२. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पाचटात टाकायला घरच्या कुणाला तरी सांगा. पाच पावलांवरून तो पटकन सापडतो का, ते बघा. सापासाठी याहून सोपी परीक्षा नाही.

३. साठ-सत्तर पावलांवर कुणाला तरी उभं करा. हातात पोतं आहे की काठी, हे ओळखता येतं का?

४. हात ओले करून, डोळे मिटून बटण शोधा. एका दमात सापडलं पाहिजे.

५. आयपीएक्स-७ लिहिलं असेल तर झाकणं घट्ट लावून बादलीत बुडवा. आत वाफ धरली तर परत पाठवा.

खोक्यावर एक आणि आत भलतंच निघालं, विक्रेताही दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी बिल जपून ठेवावं.

सगळे पैसे एकाच मोठ्या बॅटरीवर घालण्यापेक्षा दोन साध्या, खऱ्या आकड्यांच्या बॅटऱ्या बऱ्या. एक हातात, एक खिशात. विहिरीच्या काठावर हातातली विझली तर मोबाईल शोधत बसावं लागत नाही. घरी उशाशीही एक लहान बॅटरी ठेवावी. मण्यार घरातही शिरते. रात्री उठताना पाय जमिनीवर टेकवण्याआधी उजेड टाकण्याची सवय लेकराबाळांनाही लावावी.