पिल्लाची दिवाणावरून उडी सांध्यांना महागात? घरात रॅम्प का लावावा, उतार किती असावा, समजून घ्या

लॅब्रेडॉर असो, पग असो की डॅक्सहुंड, पहिल्या वर्षभरात पिल्लाची हाडे पूर्ण जुळलेली नसतात. गुळगुळीत फरशीवर रोज मारलेल्या उड्या त्यांना का सोसत नाहीत? रॅम्पने नेमके काय साधते आणि काय नाही?

रात्री साडेनऊची वेळ. आमचा चार महिन्यांचा लॅब्रेडॉर, बंड्या, दिवाणावर पसरला होता. दारावरची बेल वाजली आणि त्याने तिथूनच खाली उडी घेतली. पुढचे पाय टाइल्सवर घसरले. एकदाच केकाटला आणि उजवा पुढचा पाय उचलून उभा राहिला.

एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघाले नाही. दोन आठवडे सक्तीची विश्रांती आणि वेदनाशामक औषध, एवढ्यावर भागले. पण पशुवैद्यकांनी पडद्यावर हाडाच्या टोकाजवळची एक काळी रेघ दाखवली तेव्हा आम्हाला वाटले, हाच तो तडा. तो तडा नव्हता. ती रेघ प्रत्येक निरोगी पिल्लाच्या हाडात असते आणि सगळी काळजी तिचीच घ्यायची असते.

ती काळी रेघ म्हणजे काय?

तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. पायाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, एक पातळ पट्टी असते. हाडाची लांबी वाढते ती या पट्टीतून. कूर्चेत कॅल्शियम कमी असते, म्हणून एक्स-रेमध्ये ती काळी दिसते. वाढ संपली की पट्टीचे पक्के हाड बनते आणि रेघ नाहीशी होते. याला ग्रोथ प्लेट 'बंद होणे' म्हणतात.

हे सगळ्या कुत्र्यांत एकाच वयात होत नाही. लहान जातींत साधारण ८ ते १० महिन्यांत, मध्यम जातींत वर्षाच्या आसपास आणि लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींत १४ ते १८ महिन्यांपर्यंत ही प्रक्रिया चालते. ग्रेट डेनसारख्या महाकाय जातींना त्याहून जास्त वेळ लागतो. सहा महिन्यांचे लॅब्रेडॉर अंगापिंडाने मोठे दिसते, पण आतून ते अजून पिल्लूच असते.

अडचण अशी, की ही पट्टी आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा कमकुवत असते. मोठ्या कुत्र्याचा पाय मुरगळला तर अस्थिबंध ताणला जातो. पिल्लाच्या बाबतीत तोच झटका आधी ग्रोथ प्लेटला इजा करू शकतो.

पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे शेजारी शेजारी वाढतात. त्यातल्या एकाची मनगटाजवळची पट्टी दुखापतीने वेळेआधी बंद झाली, तर दुसरे हाड वाढतच राहते आणि धनुष्यासारखे वाकते. असा पाय सरळ करायला अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते.

एका उडीत किती जोर बसतो?

इथे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित पुरते. आपल्याकडचा दिवाण किंवा सोफा साधारण ४५ सेंटीमीटर उंच असतो. तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर, म्हणजे ताशी १० ते ११ किलोमीटर असतो. पिल्लाचे पाय वाकून शरीर १० सेंटीमीटरमध्ये थांबले असे धरले, तर थांबण्याच्या त्या क्षणी सरासरी जोर वजनाच्या साडेपाच पट येतो. १२ किलोच्या पिल्लासाठी हा आकडा ६६ किलोच्या भाराएवढा होतो.

हा ढोबळ आणि थोडा वरचा अंदाज आहे. कुत्रा उतरताना पुढचे पाय आधी खाली सोडतो, त्यामुळे त्याचे शरीर पूर्ण ४५ सेंटीमीटर पडत नाही. पण बाकीच्या दोन गोष्टी पिल्लाच्या विरोधात जातात. एक, उभ्या कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन मुळातच पुढच्या पायांवर असते आणि खाली उतरताना जवळजवळ सगळा धक्का तेच झेलतात. दोन, टाइल्सवर पाय घसरला की सरळ खाली जाणारा जोर आडवा वळतो आणि सांधा पिळला जातो. बंड्याच्या बाबतीत नेमके हेच झाले.

शिवाय ही उडी दिवसातून एकदाच नसते. बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, खिडकीत कावळा आला की उडी.

कोणत्या पिल्लांना जास्त जपावे?

* मोठ्या जाती : लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर. यांच्यात हिप डिस्प्लेसिया आणि एल्बो डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा आणि कोपराचा सांधा नीट न घडणे, हे आजार जास्त आढळतात. मूळ कारण आनुवंशिक असते, पण वजन आणि वाढीच्या काळातले वातावरण यांमुळे त्रास वाढतो.
* नाजूक लहान जाती : पॉमेरेनियन, टॉय पूडल. यांच्या पुढच्या पायांची हाडे काडीसारखी बारीक असतात. सोफ्यावरून किंवा कडेवरून मारलेल्या उडीतही ती मोडू शकतात.
* फ्रेंच बुलडॉग : लहान वयात कोपराजवळ हाड मोडण्याचे प्रमाण या जातीत जास्त दिसते.
* डॅक्सहुंड : पाय आखूड, पाठ लांब. मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होण्याची जनुकीय प्रवृत्ती या जातीत असते, त्यामुळे सांध्यांइतकीच पाठीचीही काळजी घ्यावी लागते.

देशी कुत्र्यांची पिल्ले तुलनेने काटक असतात. पण ग्रोथ प्लेट त्यांच्यातही असते आणि टाइल्सवर तीही घसरतात.

संशोधन काय सांगते?

नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्रेडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींच्या ५०१ कुत्र्यांचा जन्मापासून मागोवा घेण्यात आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत रोज पायऱ्या चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत हिप डिस्प्लेसियाचा धोका जास्त आढळला. याउलट, त्याच वयात मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळे बागडायला मिळालेल्या पिल्लांत धोका कमी दिसला.

म्हणजे पिल्लाला हलूच द्यायचे नाही, असा याचा अर्थ नाही. हालचाल हवीच, ती कुठे आणि कशी याने फरक पडतो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी. रॅम्प लावला की हिप डिस्प्लेसिया टळतो, असे या अभ्यासात म्हटलेले नाही. आई-वडिलांकडून आलेला दोष प्लायवुडच्या फळीने जात नाही. रॅम्पमुळे रोजच्या उड्या आणि घसरून होणाऱ्या दुखापती कमी होतात. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

रॅम्पचा उतार किती असावा?

घरगुती रॅम्पसाठी साधारण १८ ते २५ अंशांचा उतार सुचवला जातो. अंश मोजत बसायचे नसेल तर सोपे सूत्र असे : रॅम्पची लांबी उंचीच्या किमान तिप्पट ठेवा. मग उतार आपोआप साडेएकोणीस अंशांच्या आसपास येतो.

* ४५ सेंमी उंच दिवाण, ९० सेंमी रॅम्प : ३० अंश. फार उभा.
* ४५ सेंमी उंच दिवाण, १२० सेंमी रॅम्प : २२ अंश. चालेल.
* ४५ सेंमी उंच दिवाण, १३५ सेंमी रॅम्प : साडेएकोणीस अंश. उत्तम.
* गादीसह ६० सेंमी उंच पलंग, १८० सेंमी रॅम्प : साडेएकोणीस अंश. उत्तम.

वन बीएचकेमध्ये १८० सेंटीमीटरची फळी ठेवायची कुठे, हा प्रश्न रास्त आहे. रॅम्प पलंगाला काटकोनात न लावता त्याच्या लांब बाजूला समांतर ठेवला, तर चालण्याची वाट अडत नाही. वरच्या टोकाला पाय वळवण्यापुरता छोटा कट्टा मात्र द्यावा लागतो. तेही शक्य नसेल तर वर्षभर गादी जमिनीवर टाका किंवा पिल्लाला पलंगावर चढूच देऊ नका. यात काहीच खर्च नाही.

बनवताना काय चुकते?

आमचा पहिला रॅम्प मी स्वतः बनवला. इंजिनीअरिंगची पदवी आहे, त्यामुळे सुताराला विचारायची गरज वाटली नाही. घरात ९० सेंटीमीटरची सनमायका लावलेली फळी पडून होती, तीच वापरली. बंड्या वरून थेट खालपर्यंत घसरत आला. त्यानंतर तीन दिवस तो त्या फळीच्या जवळही फिरकला नाही.

चूक दुहेरी होती. उतार ३० अंशांचा होता आणि पृष्ठभाग गुळगुळीत. उतार जितका उभा, तितकी पकड जास्त लागते. २० अंशांच्या उतारावर न घसरता उभे राहायला घर्षणांक किमान ०.३६ हवा. ३० अंशांना तोच ०.५८ लागतो.

दुसऱ्या रॅम्पला हे नियम पाळले :

* पृष्ठभाग : रबरी मॅट, जुनी योगा मॅट किंवा घट्ट विणीचे कार्पेट कडेपर्यंत चिकटवा. लांब धाग्यांचे कार्पेट टाळा, त्यात नखे अडकतात.
* रुंदी : मोठ्या जातींसाठी किमान ४० सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना बोटभर उंचीची पट्टी ठोका.
* मजबुती : फळी मधोमध लचकली तर पिल्लू घाबरते. खालून आधार द्या. महिन्याभरात त्याचे वजन बरेच वाढणार आहे, हे धरून चाला.
* खालचे टोक : रॅम्प स्वतःच टाइल्सवर सरकू नये म्हणून खाली रबर लावा. वरचे टोक दिवाणाला पट्ट्याने बांधा.

पिल्लाला सवय कशी लावायची?

फळी आधी जमिनीवर सपाट ठेवा आणि तिच्यावर खाऊ द्या. दोन-तीन दिवसांनी एक टोक चार-पाच पुस्तकांएवढे उचला. मग हळूहळू पूर्ण उंचीवर न्या. चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते, म्हणून उतरण्याचा सराव जास्त घ्या. ओढू नका, ढकलू नका. दिवाणाच्या बाकीच्या बाजू उशा किंवा खुर्च्या लावून बंद ठेवा, नाहीतर पिल्लू रॅम्पने चढेल आणि मोकळ्या बाजूने उडी मारेल.

फक्त रॅम्प पुरेसा आहे का?

नाही. त्याच्या इतकीच किंवा त्याहून महत्त्वाची अशी चार कामे आहेत.

वजन : अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात निम्म्या पिल्लांना जोडीदार पिल्लापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले गेले. दोन वर्षांच्या वयात पोटभर खाणाऱ्या २४ पैकी १६ कुत्र्यांत हिप डिस्प्लेसिया दिसला, तर कमी खाणाऱ्या २४ पैकी ७ जणांत. कमी खाणारे सरासरी पावणेदोन वर्षे जास्त जगले. गुबगुबीत पिल्लू गोड दिसते, पण ते वजन त्याच्या सांध्यांवर असते. बोटांनी चाचपल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत.

कॅल्शियम : मोठ्या जातीच्या पिल्लाला सरसकट कॅल्शियमचे सिरप देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पिल्लाचा संतुलित तयार आहार सुरू असेल तर हे जादा कॅल्शियम अपायकारक ठरू शकते. लहान पिल्लाच्या शरीराला नको असलेले कॅल्शियम रोखता येत नाही आणि हाडांची घडण बिघडते. उलट, नुसत्या चिकन-भातावर किंवा पोळी-दुधावर वाढणाऱ्या पिल्लाला कमतरताही होऊ शकते. म्हणून डोस पशुवैद्यकांनीच ठरवावा.

फरशी : पिल्लाच्या धावण्याच्या वाटेवर, पाण्याच्या भांड्याजवळ आणि दाराशी न सरकणाऱ्या मॅट टाका. पंजाखालचे वाढलेले केस आणि नखे कापा.

व्यायाम : 'वयाच्या प्रत्येक महिन्यामागे पाच मिनिटे चालणे' हा नियम सर्रास सांगितला जातो. तो अंदाजापुरताच घ्या. गवतावर किंवा मातीवर मोकळे खेळणे चांगले. बाइकमागे पळवणे, उंच चेंडू झेलायला लावणे आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत रोज चार मजले चढवणे पहिल्या वर्षी टाळा. लहान पिल्लाला जिन्यावरून उचलून न्या. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली.

डॉक्टरांकडे कधी जावे?

लंगडणे एका दिवसापेक्षा जास्त टिकले, उठताना पिल्लू कष्टाने उठू लागले, धावताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकत्र टाकू लागले, सांध्याला सूज आली किंवा पाय वाकडा दिसू लागला तर थांबू नका. पाय अजिबात टेकत नसेल तर त्याच दिवशी जा. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांसाठी विषारी ठरू शकते.

पिल्लू अजून घ्यायचे असेल, तर विकणाऱ्याकडे आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे पाहा.

बंड्या आता अकरा महिन्यांचा आणि २८ किलोचा आहे. पाय सरळ आहे. मागच्या आठवड्यात दुसरा एक्स-रे झाला. काळी रेघ बरीच पुसट झाली आहे, पण अजून आहे. त्यामुळे हॉलची निम्मी जागा अडवणारा रॅम्प आणखी काही महिने तिथेच राहणार. बेल वाजली की तो आता आधी फळीकडे वळतो. दहातून आठ वेळा तरी.